टोपात आणखी एक तांब्या

भाच्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "येत्या रविवारी गावी मी चिली करणार. कुणी काही करायचं नाही." आमच्या घरात 'कुणी काही करायचं नाही' याचा अर्थ सगळ्यांनी सगळं करायचं असा होतो. त्यामुळे शुक्रवारीच वहिनीने पिरंगुटहून सोया सॉसची बाटली, किलोभर ढोबळी मिरची, कॉर्नफ्लोअर आणि एक भडक नारिंगी पुडी आणून फळीवर मांडून ठेवली. तिचं काही चुकलं नव्हतं. चिली म्हणजे काय हे पुणे जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. संध्याकाळी चौकात लाल गाडी लागते, कढईखाली भसाभसा जाळ पेटतो, गाडीवाला झारा आपटत राहतो आणि शेवटी कागदी बशीत जे पडतं ती चिली. चिकनची, पनीरची, फार तर मश्रूमची.

भाच्याची चिली यातली नव्हती. तो पाच वर्षं टेक्सासात, ऑस्टिन शहरात होता. गेल्या वर्षी परत आला आणि हिंजवडीला नोकरीला लागला. आपण पुण्यात काम करतो अशी त्याची समजूत होती. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, तहसील कचेरी पौडला आहे, म्हणजे बाबा, तू सातासमुद्रापार जाऊन अखेर आजोळच्याच तालुक्यात येऊन ट्रॅफिकमध्ये उभा आहेस, हे मी त्याला सांगितलं. त्याने मोबाइलवर नकाशा उघडून खात्री करून घेतली आणि दोन दिवस माझ्याशी कमी बोलला.

टेक्सासची चिली म्हणजे गोमांसाचे तुकडे, वाळक्या मिरच्यांचं वाटण, लसूण, भरपूर जिरं आणि मंद आचेवर तीन-चार तास. पूर्ण नाव चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली मिरची. मिरची घातलेलं मांस नव्हे. मानपानाची ही समज आम्हांला आवडली. पण पाककृती सांगताना भाच्याचा आवाज चढला तो पुढच्या मुद्द्यावर. "आणि त्यात राजमा, वाल, घेवडा, कसलेही दाणे घालायचे नाहीत. दाणे घातले की ती चिलीच नाही."

"का?" वहिनीने विचारलं.

"नाही म्हणजे नाही."

दादाने पहिल्यांदाच मान वर केली. ही भाषा त्याच्या ओळखीची होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जत्रेला, लावणी उरकल्यावर, कुणाच्या नवसाला, आमच्या आळीतलं मटण तोच करतो, आणि मटणात बटाटा घालणाऱ्याच्या घरी पोरगी देऊ नये असं त्याचं जाहीर मत आहे. का, असं त्यालाही कुणी विचारलेलं नाही. एकदा मी विचारलं होतं. तेव्हा "बटाटा रस्सा पितो," एवढंच तो म्हणाला, आणि ज्या आवाजात म्हणाला त्यावरून बटाटा व्यसनी असावा असं वाटलं.

मला एक गोष्ट फार दिवसांपासून जाणवते. माणसाला त्याच्या गावचा पदार्थ कसा करायचा विचारलं, तर तो काय घालायचं ते सांगत नाही. काय घालायचं नाही ते सांगतो. कोल्हापूरकराला विचारा, सोलापूरकराला विचारा, नागपूरच्या सावजीवाल्याला विचारा. घालायच्या जिनसा साधारण त्याच. कांदा, खोबरं, लसूण, मिरची, आणि ज्याला नावं ठेवता येणार नाहीत इतका जुना एक मसाला. वैर सगळं 'नको'च्या यादीवर. आणि ही यादी नेहमी शेजारच्या गावाकडे बोट दाखवून तयार होते.

टेक्सासवाले यात आमच्यापुढे आहेत हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्या विधिमंडळाने १९७७ साली ठराव करून चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ करून टाकलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६७ च्या ऑक्टोबरात, टर्लिंग्वा नावाच्या ओसाड खाणगावात दोन माणसांची चिलीची जाहीर कुस्ती झाली. एक टेक्सासचा वार्ताहर विक फाउलर, दुसरा न्यूयॉर्ककडचा एच. ॲलन स्मिथ. या स्मिथने आदल्या ऑगस्टात मासिकात लेख लिहून चिलीतलं आपल्याएवढं कुणालाच कळत नाही असं ठणकावलं होतं, आणि हा गृहस्थ आपल्या चिलीत चक्क दाणे घालायचा. टेक्सासात हाहाकार. तीन पंच नेमले. एकाने एकीकडे मत दिलं, दुसऱ्याने दुसरीकडे, आणि तिसऱ्याने चव घेऊन, जीभ गेली असं जाहीर करून सामना बरोबरीत सोडवला. हा स्मिथ पेशाने विनोदी लेखक होता. आमच्या धंद्यातल्या माणसाने लावलेलं भांडण साठ वर्षं होत आली तरी चालू आहे, टर्लिंग्वात अजून दरवर्षी स्पर्धा भरते आणि दाणे घालायला तिथे सक्त मनाई आहे. मराठीत इतका परिणामकारक विनोदी लेख अद्याप झालेला नाही.

"तिसरा पंच शहाणा," दादा म्हणाला. "त्याला गावात राह्यचं असंल."

आता मुख्य अडचण. गोमांस. भाच्याने कायदा ऑफिसच्या शिस्तीने वाचून काढला. महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद. वळू आणि बैल यांनाही त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने केली १९९५ साली आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. "वीस वर्षं मंद आचेवर!" भाचा कौतुकाने म्हणाला. मग मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र दुसऱ्या राज्यात जिथे परवानगी आहे तिथून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हैस-रेडा या बंदीत नाहीत. याचा त्याने तांबडा-पिवळा-हिरवा असा तक्ता केला आणि लॅपटॉप दादापुढे धरला. "म्हणजे मोठे मामा, तत्त्वतः पाहिलं तर गोव्याहून..."

"गोठ्यात सर्जा उभा हाय," दादा म्हणाला. "हळू बोल."

विषय संपला. आमच्या गावात आता बैलजोड्या तीनच उरल्यात, बाकी चिखलणी पॉवर टिलरने होते. पण ज्याच्या मानेवर खाचरं उभी राहिली त्याच्या कानावर असलं बोलणं जाऊ नये, हा दादाचा कायदा. त्याला राष्ट्रपतींची संमती लागत नाही.

इथे जरा चेष्टा बाजूला ठेवतो. आमच्या घरात हे मांस कधी नव्हतं म्हणून ते मराठी नव्हे, असं म्हणण्याची खोड पुष्कळांना आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचावं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यात ताटभर मांडलेलं आहे, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्यांसकट. योगायोग असा की ते पुस्तकही २०१५ चंच. ज्यांच्या ताटातला घास कायद्याने गेला त्यांना भाच्याच्या रंगीत तक्त्याची गंमत वाटायची नाही, आणि न वाटणंच बरोबर आहे. आम्हांला काय, एका रविवारची हौस होती. आमचं भागलं.

तर मटण ठरलं. टेक्सासच्या 'नको'च्या यादीपुढे आता आमची यादी उभी राहिली. पहिली अट वाराची. भाच्याने आधी सगळ्यांना गुरुवारचं निमंत्रण पाठवलं होतं, मोबाइलवर, होय-नाही-बघू असे तीन पर्याय देऊन. गुरुवार दत्ताचा. मग सोमवार सुचवला, तो महादेवाचा. शनिवार मारुतीचा, मंगळवारी देवीचा उपवास, बुधवारी संकष्टी निघाली. आषाढी एकादशी होऊन गेली होती, श्रावण तोंडावर आला होता. आखाडातला उरलेला एकच रविवार मोकळा होता आणि अख्ख्या तालुक्याला तोच मोकळा होता. पौडला मटणाच्या दुकानापुढे सकाळी सातला एवढी रांग होती की एकजण ती पेट्रोलची समजून मोटारसायकल घेऊन उभा राहिला होता.

दुसरी अट वहिनीची. तिचं माहेर हवेलीतलं, वाडे बोल्हाईच्या बाजूचं. बोल्हाईच्या भक्तांना बकऱ्याचं मटण वर्ज्य, मेंढीचंच चालतं. पुण्यात म्हणूनच 'बोल्हाईचं मटण' अशी वेगळी पाटी असते. बाहेरगावच्या माणसाला वाटतं बोल्हाई ही कुणीतरी सुगरण बाई असावी. वहिनी आमच्याकडे येऊन चौतीस वर्षं झाली. तरी घरात बोकड शिजलं की तिचा टोप वेगळा. म्हणजे टेक्सासची चिली दोन पातेल्यांत करणं आलं. भाच्याने याला नकार दिला आणि सरळ मेंढीचंच मटण घ्यायचं ठरलं. अमेरिकेत राहून आल्यावरही त्याला मोठ्या मामीची बोल्हाई कळली, यावर वहिनी खूश झाली. तिने सोया सॉसची बाटली स्वतःहून आत ठेवली.

तिसरी अट डॉक्टरांची, ती माझ्यापुरती. तिच्याविषयी मी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

चौथी आईची. आई माळकरी. गळ्यात माळ पडून पंचावन्न वर्षं झाली, मटणाला शिवत नाही. पण मटण शिजत असताना ती ओसरीत बसून नुसत्या वासावरून सांगते, "मीठ कमी हाय," आणि कमीच असतं. घरातल्या मटणाचा शेवटचा पंच म्हणजे ज्याने गेल्या पंचावन्न वर्षांत ते चाखलेलं नाही असा माणूस. टर्लिंग्वावाल्यांनी याचा विचार करावा.

दुकानात भाच्याने मागणी सांगितली. खांद्याचं, हाड काढून, चरबी काढून, पाऊण इंचाचे चौकोनी तुकडे. दुकानदार सुरा हातात धरून त्याच्याकडे बघत राहिला. मागची रांगही गप्प झाली. "हाड काढून?" त्याने माझ्याकडे बघून विचारलं, जणू मी दुभाष्या. दादा पुढे झाला, त्याने हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि दोन पिशव्या बांधून घेतल्या. एकीत भाच्याचे चौकोन. दुसरीत नळ्या, बरगड्या, मान आणि चरबीचा गोळा. ती पिशवी त्याने रेनकोटाच्या आत लपवून घरी आणली. माणसं दारू आणतात तशी.

येताना भाच्याने रस्त्यावरच्या पाट्या मोजल्या. भूगावपासून पौडपर्यंत आणि तिथून ताम्हिणीकडे, दर अर्ध्या मैलावर 'चुलीवरचं मटण'. त्यातल्या एका हॉटेलात चूल खरीच होती, पण काचेत. शेजारी 'फोटो काढू नये' असं लिहिलं होतं. २०१८ साली प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला आणि तालुक्याचं नाव ऑस्टिनपर्यंत पोचलं, तिथे भाच्याला लोक विचारत, तुमच्याकडे जमिनी विकून गाड्या घेतात ना? आता विचारतात, मुळशीचं मटण कसं करतात. खरं सांगायचं तर मुळशीचं मटण म्हणून काही एक नाही. पौड खोऱ्यातला माणूस मुठे खोऱ्यातल्या रश्शाला पाणी म्हणतो, मुठे खोऱ्यातला पौडवाल्याच्या रश्शाला आमटी म्हणतो, आणि मोसे खोऱ्यातला दोघांकडे जेवून जातो. सगळ्यांचं एकमत फक्त आंबेमोहोरावर आहे. त्यालाही आता भौगोलिक मानांकन मिळालंय. पण लावायला परवडतो इंद्रायणी, आंबेमोहोराचाच लेक, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात जन्मलेला. बापाचा वास थोडा उतरलाय, उतारा बराच वाढलाय. घरोघर असंच असतं.

घरी आल्यावर भाच्याने बॅग उघडली. त्यात टेक्सासहून आणलेलं विजेवरचं मंद शिजवायचं भांडं निघालं. त्या भांड्याला तिकडची १२० व्होल्टची वीज लागते, आपली २३०. म्हणून एक ट्रान्सफॉर्मर. तो विटेएवढा, विटेहून जड आणि चालू केला की रातकिड्यासारखा किर्र करणारा. शिवाय तीन प्रकारच्या वाळक्या मिरच्या. त्यातली एक काळी, सुरकुतलेली, तळहाताएवढी.

"ही मिरची हाय का वांग्याचं साल?" दादाने हुंगून विचारलं.

ती ॲंचो. दुसरी ग्वाहिओ, आपल्या बेडगीची लांबची बहीण, रंग आहे, राग नाही. भाच्याने त्या तव्यावर भाजल्या आणि अख्ख्या घराला ठसका लागला. खोकता खोकता वहिनीच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. हे तर आपलंच! मग मिरच्या कोमट पाण्यात भिजवणं, बिया काढणं, लसणाबरोबर वाटणं. टेक्सास म्हणून जे काही लांबचं वाटत होतं ते ओट्यापर्यंत आलं. मेक्सिकोकडून मिरची उत्तरेला टेक्सासात गेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजातून गोव्याला उतरून आमच्याकडे आली, अशी माहिती मी पुरवली. म्हणजे सोळाव्या शतकाआधी इथे मिरची नव्हतीच. तिखट म्हणजे मिरी. नावसुद्धा मिरीवरूनच पडलं.

ओसरीतून आईचा आवाज आला. "मंग माउलींच्या वक्ताला?"

"नव्हती. ज्ञानेश्वरांनी मिरची पाहिलेली नाही."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणूनच एवढी गोड वाणी."

वाटण झालं. मग जिरं. भाच्याने चार मोठे चमचे जिरं भाजून कुटून घेतलं. तेव्हा दादाला राहवलं नाही. "मटण हाय का ताक?" टेक्सासात चिलीचा वास म्हणजे जिऱ्याचा वास, हे त्याला पटेना. पटो न पटो, सगळं त्या विजेच्या भांड्यात गेलं, झाकण बसलं, ट्रान्सफॉर्मर किर्र करू लागला आणि भाच्याने जाहीर केलं, "आता सहा तास झाकण उघडायचं नाही."

सहा तास! सकाळचे साडेनऊ वाजले होते. जेवण साडेतीनला. दादा काही न बोलता मागच्या पडवीत गेला. थोड्या वेळाने तिकडून चुलीचा धूर येऊ लागला. रेनकोटातली पिशवी तिकडेच होती.

अकराच्या सुमाराला पावसाचा जोर वाढला. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. ताम्हिणीच्या बाजूने एक करडी भिंत येते, समोरचा डोंगर पुसला जातो आणि मग चार महिने डोंगर तिथे असल्याचं आठवणीवर चालवून घ्यायचं. साडेअकराला खालच्या आळीत झाडाची फांदी तारेवर पडली आणि लाइट गेली. रातकिडा गप्प झाला.

आमच्या तालुक्यात लाइट जाण्याला थोडा इतिहास आहे. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटांनी धरण बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. त्या लढ्यानेच पांडुरंग महादेव बापटांना सेनापती केलं. धरण झालंच. गावं बुडाली. ते पाणी आजही सह्याद्रीच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याला उतरतं, तिथे वीज होते आणि मुंबईला जाते. फांदीचा आणि या सगळ्याचा काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण दादा लाइट गेली की शंभर वर्षांपूर्वीपासून सुरुवात करतो. "पाणी आमचं, दिवे मुंबईचे," इथून तो भाच्याच्या भांड्यावर आला. "काढ बाहेर. आण चुलीवर."

मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये म्हणतात. एका चुलीविषयी शास्त्र काही सांगत नाही. सांगायला हवं होतं.

पडवीत टोप तयारच होता. त्यात नळ्या नि बरगड्या हळद, मीठ, आलं-लसणात शिजून अळणी झालेलं. नावाला अळणी, मीठ असतं. ते आधी पोरांना वाटीतून प्यायला द्यायचं, उरलेल्यात पुढचा संसार. भाच्याची चिली त्याच टोपात जाणार हे उघड होतं. भाच्याने हात आडवा घातला. हाडं नकोत म्हणाला. दादाने ऐकलं. पळीने एकेक नळी बाजूला काढली, भाच्याच्या देखत, नीट, ताटलीत मांडून. चिली टोपात ओतली. भाचा लाकडं आणायला वळला, तेव्हा नळ्या परत गेल्या.

मग माणसं यायला लागली. लावणी शनिवारीच उरकली होती, आणि ज्यांनी आमच्या खाचरात हात लावला त्यांना आखाडातल्या रविवारी न जेवता कसं पाठवायचं? दादाने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. भाच्याचा हिशेब आठ माणसांचा. एक वाजता ओसरीत तेवीस होती, त्यात दोन नुसती पावसाला टेकलेली.

टेक्सासची चिली दाट हवी. इतकी की चमचा उभा राहावा, असं भाचा सांगतो. ती घट्ट करायला ते लोक मक्याचं पीठ लावतात. आमच्याकडे घट्टपणाचा प्रश्नच येत नाही, कारण घट्ट रस्सा ही श्रीमंतांची किंवा माणसं नसलेल्यांची गोष्ट. दीड किलो मटणात तेवीस माणसं बसतात ती मटणाच्या बळावर नव्हे, रश्शाच्या. दादाने शेजारच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढवून ठेवला होता. उकळतं पाणीच घालायचं, गार घातलं की कट मोडतो. त्याने एक तांब्या ओतला. भाचा ओरडला. दारात आणखी तिघं आले. दुसरा तांब्या. भाचा त्याचा हात धरायला धावला आणि म्हणाला, "मोठे मामा, याला आता चिली म्हणता येणार नाही!"

"नको म्हणू," दादा म्हणाला. "जेवायला बस म्हण."

पाणी वाढलं तसं तिखट उतरलं. ओसरीतून आईने नाक वर केलं. "मीठ बरोबर हाय. तिखट कुठंय?" त्या सुरकुतलेल्या मिरच्यांत मुळात जीव नव्हताच. दादाने मूठभर लवंगी मिरच्या खोबऱ्याबरोबर भाजून वहिनीपुढे टाकल्या. वहिनीने पाट्यावर वाटलं. ते वाटण, घरचा काळा मसाला आणि चरबीच्या गोळ्याची फोडणी पडल्यावर टोपावर जी तर्री आली तिचा रंग मी सांगणार नाही, माझ्या डॉक्टरांच्या वाचनात हा लेख येऊ शकतो.

राहता राहिली आई. भाच्याचा तिच्यावर जीव. आजीने आपल्या हातचं खाल्लंच पाहिजे, हा त्याचा हट्ट. मटण पडण्याआधी बाजूला काढलेलं वाटीभर टेक्सासचं वाटण त्याच्याकडे होतं. त्यात काय घालायचं? वहिनीने न विचारता सकाळपासून भिजलेले, सोललेले वाल पुढे केले. भात निघाल्यावर त्याच खाचरात होतात ते. भाचा त्या वाटीकडे बघत राहिला. वाल म्हणजे दाणे. चिलीत दाणे. ज्या गोष्टीवरून टर्लिंग्वात माणसं साठ वर्षं भांडतायत, ती तो मुळशीत, स्वतःच्या हाताने, आजीसाठी करणार होता.

केली. छोट्या पातेल्यात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीने. जिरं सगळं त्यातच जास्त लागलं, आणि वालाला ते शोभलंही.

पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, इंद्रायणीचा भात, कांदा, लिंबू. टोपातल्या पदार्थाला नाव काय द्यायचं, याची कुणी चौकशी केली नाही. सिनसिनाटी नावाच्या गावात चिली शेवयांवर ओतून खातात, मॅसिडोनियाहून आलेल्या भावांनी १९२२ च्या सुमाराला ती चाल पाडली, असं भाचा सांगत होता. ते ऐकून खालच्या आळीतला एकजण म्हणाला, "शेवेवर रस्सा म्हंजे मिसळ की." टेक्सासवाल्यांना ते सिनसिनाटीचं प्रकरण मुळीच मान्य नाही, असं भाचा पुढे म्हणाला. त्यावर सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. शेजारच्या गावाचं कुणालाच मान्य नसतं.

दादाने पंगतीत वाढता वाढता एक नळी भाच्याच्या ताटात टाकली. भाच्याने वर पाहिलं. दादा दुसरीकडे बघत होता. भाच्याने नळी उचलली, ताटात आपटली, ओढली. त्यानंतर हाडांविषयी तो काही बोलला नाही.

माझा निकाल विचाराल तर टोपातलं मटण चांगलं होतं, पण दादाचं नेहमीचं त्याहून चांगलं असतं. जिऱ्याने जरा घोळ केला होता. खरी बाजी मारली वालाच्या पातेल्याने. आईने तीन वेळा मागून घेतलं. मग वहिनीने चाखलं. मग मी. मग दादाने, "बघू," असं म्हणत. शेवटी भाचा पातेलं भाकरीने पुसत होता, आणि मी फोटो काढायला गेलो तर त्याने तोंडावर हात धरला. ऑस्टिनमधले मित्र बघतील म्हणाला.

लाइट रात्री पावणेनऊला आली. ते विजेचं भांडं वहिनीने धुऊन फळीवर ठेवलंय, त्यात आता कांदे असतात. ट्रान्सफॉर्मर मात्र पडवीत पडून आहे, गंज चढायच्या आत कुणाला उपयोगी पडत असेल तर घेऊन जावा. पैसे नकोत. पौड सोडल्यावर ताम्हिणीच्या रस्त्याला तिसऱ्या 'चुलीवरचं मटण'च्या पाटीपाशी उतरून दादाचं घर विचारावं. येणार असाल तर वार बघून या, आणि किती माणसं ते आधी कळवू नका, तसंही पाणी उकळतंच ठेवलेलं असतं.